श्वेतबटूंच्या अंतरंगाचा शोध : स्पंदनशील ताऱ्यांच्या दोलनाभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

ताऱ्याविषयी मिळणारी जवळजवळ सर्व माहिती त्याच्या पृष्ठभागावरून निघालेल्या प्रकाशातून मिळते. हा प्रकाश ज्या थरातून सुटतो तो ताऱ्याच्या आकारमानाच्या तुलनेने अत्यंत पातळ असतो. त्याखाली काय आहे हे गणिताने ठरवावे लागते, आणि ते गणित बरोबर आहे की नाही हे पडताळण्याचे साधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खगोलशास्त्रज्ञांजवळ नव्हते. ताऱ्यांच्या अंतर्रचनेचे शास्त्र उभारणाऱ्या आर्थर एडिंग्टन यांनी आपल्या १९२६ सालच्या ग्रंथाचा प्रारंभच मुळी ताऱ्याच्या अंतर्भागाच्या या दुर्गमतेच्या जाणिवेने केला आहे.

भूगर्भाची रचना ज्याप्रमाणे भूकंपलहरींच्या साहाय्याने उलगडली, त्याचप्रमाणे ताऱ्याच्या कंपनांवरून त्याच्या अंतर्रचनेचे अनुमान करणाऱ्या शास्त्राला ताराकंपशास्त्र म्हणतात. सूर्याच्या बाबतीत हे कार्य १९६० नंतर सुरू झाले. सूर्याखालोखाल या शास्त्राला सर्वात समृद्ध सामग्री पुरविली ती स्पंदनशील श्वेतबटू ताऱ्यांनी. प्रस्तुत लेखात या अभ्यासाच्या अर्धशतकाहून अधिक काळाच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे. दोलनांवरून ताऱ्याच्या अंतरंगाचे चित्र काढता येते हे आता सर्वमान्य आहे. परंतु निघणारे चित्र एकच असते काय, हा प्रश्न या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो व लेखाचा भर त्यावर आहे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. श्वेतबटूच्या गाभ्यात अणुऊर्जानिर्मिती थांबलेली असते आणि साठविलेली उष्णता गमावत तो हळूहळू निवत जातो. त्यामुळे सर्वात मंद, सर्वात निवालेला श्वेतबटू किती जुना हे कळले, तर आकाशगंगेच्या तबकडीचे वय कळते. डॉनल्ड विंगेट व सहकाऱ्यांनी १९८७ साली याच मार्गाने ते वय ९.३ अब्ज वर्षे, अधिक-उणे २ अब्ज वर्षे, असे काढले. परंतु तारा किती वेगाने निवतो हे त्याच्या गाभ्यात कार्बन किती, ऑक्सिजन किती, वरचा हेलियमचा व हायड्रोजनचा थर किती जाड आणि गाभा द्रव आहे की गोठलेला, यांवर अवलंबून असते. घड्याळाच्या पेटीत काय आहे हे ठाऊक नसताना त्याने दाखविलेल्या वेळेवर विसंबणे धोक्याचे होते.

पूर्वपीठिका

श्वेतबटूंची कथा व्याधाच्या सोबत्यापासून सुरू होते. व्याधाच्या गतीतील हेलकाव्यांवरून त्याला एक अदृश्य सोबती असला पाहिजे असे फ्रीड्रिख बेसेल यांनी १८४४ मध्ये जाहीर केले आणि १८६२ मध्ये अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क यांना तो प्रत्यक्ष दिसला. १९१५ मध्ये वॉल्टर अॅडम्स यांनी त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा हा मंद तारा चांगलाच उष्ण असल्याचे आढळले. उष्ण असूनही मंद, म्हणजे आकाराने अत्यंत लहान. आणि वस्तुमान मात्र सूर्याइतके. अशा ताऱ्यातील एक घन सेंटीमीटर द्रव्याचे वस्तुमान टनाच्या घरात जाते. या द्रव्याला कोसळण्यापासून कोण सावरते याचे उत्तर राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये नव्या पुंजसिद्धांताच्या आधारे दिले : दाटीवाटीने कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचा दाब. जुलै १९३० मध्ये मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी बोटीवरच्या प्रवासात या उत्तराला सापेक्षतेची जोड दिली आणि श्वेतबटूच्या वस्तुमानाला एक कमाल मर्यादा असल्याचे दाखविले. ती आज सौर वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट मानली जाते. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची जी संभावना केली ती सर्वश्रुत असल्याने तिचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही.

१९५२ मध्ये लिऑन मेस्टेल यांनी श्वेतबटू कसा निवतो याचा सिद्धांत मांडला. १९६८ मध्ये ह्यू व्हॅन हॉर्न यांनी असे प्रतिपादन केले, की निवताना गाभ्यातील आयन एका टप्प्यावर स्फटिकरूप धारण करतील, त्या वेळी सुप्त उष्णता बाहेर पडेल आणि निवण्याचा वेग काही काळ मंदावेल. म्हणजे १९६८ अखेर श्वेतबटूविषयी एक सुसंगत सिद्धांत उभा होता. पण गाभ्याविषयीचे त्याचे एकही विधान निरीक्षणाने तपासलेले नव्हते.

अपेक्षेपेक्षा संथ तारा

श्वेतबटू कंप पावत असतील तर त्यांचा आवर्तकाल किती असावा याचे गणित १९६० नंतर अनेकांनी केले होते. घनतेच्या हिशेबाने हा तारा फुगण्या-आक्रसण्याची एक फेरी काही सेकंदांत पुरी करील असे उत्तर आले. म्हणूनच १९६८ च्या आरंभी केंब्रिजच्या ज्या निबंधाने पल्सारांचा शोध जाहीर केला, त्याच निबंधात या नियमित रेडिओ स्पंदांचा उगम श्वेतबटूच्या किंवा न्यूट्रॉन ताऱ्याच्या कंपनांत असू शकेल अशी शक्यता नोंदविलेली आहे. त्याच वर्षअखेरीस खेकडा अभ्रिकेतील सेकंदात तीस स्पंद देणारा पल्सार सापडला आणि श्वेतबटूंचा त्या स्पर्धेतील हक्क संपला.

योगायोग असा, की खऱ्या कंपन पावणाऱ्या श्वेतबटूची पहिली नोंदही १९६८ मध्येच प्रसिद्ध झाली. आर्लो लँडोल्ट हे ताऱ्यांच्या प्रकाशमापनातील अचूकतेसाठी नावाजलेले निरीक्षक. वृषभ राशीतील एचएल टाऊ ७६ या श्वेतबटूचा प्रकाश सुमारे साडेबारा मिनिटांच्या आवर्तकालाने कमी-अधिक होतो असे त्यांना आढळले. सिद्धांताने सेकंदांची अपेक्षा धरली होती आणि तारा मिनिटांत बोलत होता. पुढच्या तीन वर्षांत बॅरी लास्कर व जेम्स हेसर यांनी आणखी असे तारे शोधले. त्यांपैकी १९७१ मध्ये नोंदलेल्या, तिमिंगल समूहातील झेडझेड सेटी या ताऱ्याचे २१३ व २७४ सेकंदांचे आवर्तकाल विलक्षण स्थिर होते. पुढे या वर्गालाच त्याचे नाव मिळाले.

आवर्तकालातील ही विसंगती दूर केली ती १९७२ मध्ये ब्रायन वॉर्नर व एडवर्ड रॉबिन्सन यांनी, आणि स्वतंत्रपणे चन्मुगम यांनी. त्यांच्या मते ही कंपने त्रिज्येच्या दिशेने फुगण्याची नव्हेतच. तारा गोलाकार राहून धडधडत नाही. त्यातील द्रव्य मुख्यतः आडव्या दिशेने मागेपुढे सरकते, आणि त्याला मूळ स्थितीत आणणारे बल दाबाचे नसून उत्प्लावनाचे असते. तळ्याच्या पाण्यावरील लाटा ज्या जातीच्या, त्याच जातीच्या या लाटा. त्यांना शास्त्रीय परिभाषेत गुरुत्व-तरंग म्हणतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतातील गुरुत्वीय तरंगांशी त्यांचा काहीही संबंध नाही, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावे लागते, कारण दोन्हींसाठी वापरात असलेले शब्द फारच जवळचे आहेत. १९८२ मध्ये रॉबिन्सन, केप्लर व एडवर्ड नॅथर यांनी निरनिराळ्या रंगांत मोजमापे घेऊन दाखविले, की ताऱ्याच्या प्रकाशातील चढउतार त्रिज्येच्या बदलामुळे नव्हे, तर पृष्ठभागावरील तापमानाच्या बदलामुळे होतात.

या दोलनांची भाषा थोडक्यात अशी. प्रत्येक दोलनप्रकाराला तीन पूर्णांक लागतात. पहिला केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत किती निस्पंद थर आहेत ते सांगतो, दुसरा पृष्ठभाग उष्ण-थंड अशा किती पट्ट्यांत विभागला आहे ते, आणि तिसरा त्या पट्ट्यांची अक्षाभोवतीची मांडणी सांगतो. संथ दोलनांच्या बाबतीत सिद्धांताचे एक सुंदर भाकित आहे : पहिला अंक एकेकाने वाढवीत गेल्यास आवर्तकाल समान अंतराने वाढत जातात आणि हे अंतर मुख्यत्वे ताऱ्याच्या वस्तुमानावर अवलंबून असते. ताऱ्यात हेलियम संपून कार्बन सुरू होतो अशी सीमा असेल तर तिथे लाटा अडखळतात व समान अंतरांत थोडी चूक पडते; त्या चुकीवरून थराची जाडी कळते. तारा फिरत असेल तर एका आवर्तकालाच्या जागी तीन किंवा पाच जवळजवळचे आवर्तकाल दिसतात व त्यांच्यातील फरकावरून परिभ्रमणाचा वेग निघतो.

भाकित आणि प्रचीती

सर्वच श्वेतबटू कंप पावत नाहीत. हायड्रोजनचे आवरण असलेले श्वेतबटू एकूण संख्येत सुमारे ८० टक्के आहेत. ते निवत निवत साधारणपणे १२,५०० ते ११,००० केल्विन या अरुंद पट्ट्यात आले म्हणजेच स्पंदन पावू लागतात. या तापमानाला पृष्ठभागाखालील हायड्रोजन अंशतः आयनीभूत असतो व तो आतून येणारी उष्णता अडवून लाटांना बळ पुरवितो असे १९८१-८२ च्या सुमारास फ्रान्स, जर्मनी, पोलंड व अमेरिका येथील अभ्यासकांनी दाखविले. लाटांना बळ देण्याचे काम प्रत्यक्षात अभिसरण करणारा थरच करतो, ही ब्रिकहिल यांची १९९१ मधील सुधारणा आज अधिक स्वीकारार्ह मानली जाते.

विंगेट यांचे पुढचे पाऊल या इतिहासातील सर्वात निर्णायक म्हणावे लागेल. हायड्रोजनचे अंशतः आयनीभवन जर स्पंदनास कारण होत असेल, तर ज्यांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन नाही, केवळ हेलियम आहे, असे श्वेतबटूही अधिक उष्ण अवस्थेत स्पंदन पावले पाहिजेत. कारण हेलियमचे आयनीभवन अधिक तापमानाला होते. असा एकही तारा तोपर्यंत माहीत नव्हता. १९८२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी शौरी समूहातील जीडी ३५८ या उष्ण हेलियम-श्वेतबटूकडे दूरदर्शी वळविला आणि तो स्पंदन पावत असल्याचे दिसले. चलताऱ्यांचा एखादा वर्ग आधी कागदावर मांडला गेला आणि मग आकाशात सापडला, असे खगोलशास्त्राच्या इतिहासात प्रथमच घडले.

तिसरा वर्ग मात्र भाकिताशिवायच हाती आला होता. १९७९ मध्ये जॉन मॅक्ग्रॉ व सहकाऱ्यांना कन्या राशीतील पीजी ११५९-०३५ हा तारा स्पंदनशील असल्याचे आढळले. त्याचे तापमान लाखाहून अधिक केल्विन असून तो अजून पुरता श्वेतबटू झालेला नाही, होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

सूर्य न उगवणारी वेधशाळा

अडचण होती ती दिवसाची. पीजी ११५९ सारख्या ताऱ्यात शंभरावर दोलने एकाच वेळी चालू असतात. त्यांतील काहींच्या वारंवारतेतील फरक इतका सूक्ष्म असतो, की ती वेगळी ओळखण्यासाठी कित्येक दिवस अखंड निरीक्षण हवे. परंतु कोणत्याही एका वेधशाळेत सकाळ होते व नोंद तुटते. चोवीस तासांच्या अंतराने पडलेली ही खिंडारे गणितात अशी काही मिसळतात, की प्रत्येक खऱ्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना बनावट वारंवारतांची रांग उभी राहते. कोणती खरी, कोणती बनावट हे ठरविणे अशक्य होते. दूरदर्शी मोठा करून हा प्रश्न सुटत नाही.

टेक्सास विद्यापीठातील नॅथर व विंगेट यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर जो उपाय योजला त्याला होल अर्थ टेलिस्कोप असे नाव देण्यात आले. मराठीत त्याला समग्र पृथ्वी दूरदर्शी म्हणता येईल. निरनिराळ्या रेखावृत्तांवरील वेधशाळांनी एकाच ताऱ्याकडे आळीपाळीने पाहायचे, एका ठिकाणी उजाडू लागले की पश्चिमेकडील दुसऱ्या वेधशाळेने तो तारा हाती घ्यायचा. अनेक वेधशाळांनी मिळून निरीक्षण करण्याची कल्पना नवी नव्हती. नवे होते ते तिचे संघटन. ऑस्टिन येथे एक मुख्यालय असे. प्रत्येक वेधशाळेतील नोंदी रात्र संपताच तिथे पाठविल्या जात, तिथेच त्यांचे पृथक्करण होई आणि पुढच्या निरीक्षकाला दूरध्वनीवरून सूचना दिल्या जात. विखुरलेल्या दूरदर्शींचा जणू एकच यंत्र म्हणून वापर करण्याचा हा आग्रह नॅथर यांचा होता. नॅथर मुळात संगणकाच्या क्षेत्रात मुरलेले होते. संगणक-आज्ञाकारांच्या वर्तुळात लोककथेसारखी प्रसिद्ध झालेली ‘द स्टोरी ऑफ मेल’ ही १९८३ मधील रचना त्यांचीच. उपकरणे मात्र साधी होती. एक मीटरच्या आसपासचा दूरदर्शी, प्रकाशगुणक नलिका बसविलेला प्रकाशमापक आणि एक लहान संगणक एवढ्यावर काम भागे. त्यामुळे ज्या देशांजवळ मोठे दूरदर्शी नव्हते तेही या साखळीत बरोबरीच्या नात्याने सहभागी होऊ शकले.

भारताच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या मधल्या विस्तीर्ण टापूत बहुतेक भाग समुद्राचा आहे. तमिळनाडूतील कावलूरची वेणू बाप्पू वेधशाळा नेमकी या जागी येते. बंगळूर येथील भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मरार, सीता व अशोक हे शास्त्रज्ञ या उपक्रमात प्रारंभीच्या वर्षांपासून सहभागी होते आणि त्याच्या अनेक प्रमुख निबंधांवर त्यांची नावे आहेत. जागतिक विज्ञानात भारताचा सहभाग सांगताना चंद्रशेखरांचे नाव आदराने घेतले जाते. रात्री-रात्री जागून साखळीतील एक कडी तुटू न देणाऱ्या या निरीक्षकांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

मार्च १९८९ मध्ये पीजी ११५९-०३५ चे २६४ तासांचे जवळजवळ अखंड निरीक्षण झाले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणाने या शास्त्राला प्रौढत्व दिले असे म्हणण्यास हरकत नाही. १२५ वारंवारता वेगळ्या झाल्या व त्यांतील १०१ दोलनप्रकार म्हणून ओळखता आल्या. तिहेरी गुच्छांतील आवर्तकालांचे अंतर सुमारे २१.५ सेकंद, पाचेरी गुच्छांतील सुमारे १२.५ सेकंद, या दोन अंतरांचे गुणोत्तर सिद्धांतानुसार तीनच्या वर्गमुळाइतके असावे, ते जवळपास तितकेच आले. ताऱ्याचे वस्तुमान सौर वस्तुमानाच्या ०.५८६ पट, अधिक-उणे ०.००३, ठरले; परिभ्रमणकाल १.३८ दिवस ठरला. सोबतीविना एकाकी असलेल्या ताऱ्याचे वस्तुमान दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत सांगितले जाणे ही अपूर्व गोष्ट होती. त्या तीन अंकांवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न मात्र पुढे आला.

जीडी ३५८ आणि एकमेवतेचा प्रश्न

मे १९९० मध्ये याच पद्धतीने जीडी ३५८ चे निरीक्षण झाले व १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वस्तुमान सौर वस्तुमानाच्या सुमारे ०.६१ पट निघाले, त्यात आश्चर्य नव्हते. आश्चर्य हेलियमच्या थराचे होते. हा थर ताऱ्याच्या वस्तुमानाच्या दहा लाखांत सुमारे दोन भाग इतका पातळ निघाला. ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे गणित हे प्रमाण शंभरात एक भागाच्या जवळपास सांगत होते. दोहोंत हजारो पटींची तफावत होती. १९९५ मध्ये डेनर व कवालर यांनी त्यावर तोडगा सुचविला : पीजी ११५९ सारख्या ताऱ्यात हेलियम, कार्बन व ऑक्सिजन मिसळलेले असतात, तारा निवत असताना हेलियम हळूहळू वर तरंगतो. जीडी ३५८ मध्ये दिसणारी सीमा ही वर आलेल्या शुद्ध हेलियमची आहे, तिच्याखाली मिश्रणाचा जाड थर शिल्लकच आहे. या स्पष्टीकरणाने एक जुना आणि एक तरुण तारा एकाच उत्क्रांतिमार्गावर आले.

पुढचा टप्पा संगणकाचा. प्रतिमान आणि निरीक्षण जुळविताना माणूस आपल्या अपेक्षेच्या आसपासच शोध घेतो. हा दोष टाळण्यासाठी ट्राव्हिस मेटकाफ व नॅथर यांनी साध्या संगणकांची एक मोळी बांधली आणि जीवसृष्टीतील निवडीच्या तत्त्वावर चालणाऱ्या जनुकीय रीतीने लक्षावधी प्रतिमाने पडताळली. २००१ मध्ये त्यांच्या गटाने जीडी ३५८ च्या केंद्रातील ऑक्सिजनचे प्रमाण ८४ टक्के, अधिक-उणे ३ टक्के, असल्याचे जाहीर केले. कार्बनच्या अणुकेंद्रात हेलियमचे अणुकेंद्र मिसळून ऑक्सिजन तयार होण्याचा वेग प्रयोगशाळेत मोजणे अत्यंत कठीण आहे. सजीवांना लागणाऱ्या या दोन मूलद्रव्यांचे विश्वातील प्रमाण त्याच वेगावर ठरते. तो वेग आता एका मृत ताऱ्याच्या कंपनांतून मिळू लागला, असा दावा पुढे आला.

माँट्रियलचे जील फाँतेन व पिएर ब्रासार यांनी २००२ मध्ये या दाव्याला थेट आव्हान दिले. हेलियमच्या आवरणात एक नव्हे तर दोन सीमा असतील, आणि डेनर-कवालर यांच्या विचारानुसार त्या असल्याच पाहिजेत, तर ज्या खुणा गाभ्यातील ऑक्सिजनच्या म्हणून वाचल्या गेल्या त्या आवरणातल्या दुसऱ्या सीमेच्या असू शकतात. हा आक्षेप किती मूलगामी होता हे २००३ मध्ये माँटगोमेरी, मेटकाफ व विंगेट यांनी स्वतःच दाखवून दिले. तंतुवाद्याच्या तारेवर एका टोकापासून ठरावीक अंतरावर गाठ मारली काय किंवा दुसऱ्या टोकापासून तितक्याच अंतरावर मारली काय, स्वरांतील बदल तोच. ताऱ्यातही गाभ्यातील एका विशिष्ट खोलीवरची सीमा आणि आवरणातील तिच्याशी जोडीने येणारी सीमा यांचा आवर्तकालांवरील परिणाम जवळजवळ सारखाच होतो. आपल्या निष्कर्षावरील आक्षेपाचे गणिती मूळ त्याच गटाने शोधून प्रसिद्ध करावे, हे प्रामाणिक विज्ञानव्यवहाराचे उदाहरण म्हणून नोंदविण्यासारखे आहे.

जीडी ३५८ ने आणखी एक धक्का १९९६ च्या ऑगस्टमध्ये दिला होता. अनेक दोलनांत वाटलेली त्याची शक्ती एकाएकी एकाच दोलनात एकवटली व प्रकाशातील चढउतार कमालीचे वाढले. काही काळाने ही अवस्था ओसरली. पाश्चात्त्य संगीतातील आकस्मिक जोरकस आघाताची ‘स्फोर्झांदो’ ही संज्ञा या घटनेला देण्यात आली. मूळ रचना न बदलता ताऱ्याचा स्वभाव असा पालटू शकतो, याचा विचार साध्या प्रतिमानांत नव्हता.

गोठलेला गाभा

व्हॅन हॉर्न यांचे स्फटिकीभवनाचे भाकित तपासण्याची संधी नरतुरंग समूहातील बीपीएम ३७०९३ या ताऱ्याने दिली. १९९२ मध्ये तो स्पंदनशील असल्याचे कळले. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.१ पट, म्हणजे श्वेतबटूंत बरेच अधिक. वस्तुमान जितके अधिक तितका दाब अधिक व गाभा तितक्या लवकर गोठतो. त्यामुळे हा तारा अद्याप स्पंदनाच्या पट्ट्यात असतानाच त्याचा गाभा गोठलेला असला पाहिजे. स्फटिकात गुरुत्व-तरंग शिरत नाहीत, त्यांच्या पृष्ठभागावरून परततात. परिणामी लाटांना फिरण्यासाठी मिळणारी पोकळी आखूड होते व आवर्तकालांतील अंतर बदलते. २००४ मध्ये मेटकाफ, माँटगोमेरी व कनान यांनी या ताऱ्याचे सुमारे ९० टक्के वस्तुमान गोठलेले असल्याचे अनुमान काढले. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याला आकाशातील हिरा ठरवून टाकले. वास्तविक कार्बन व ऑक्सिजनच्या नग्न अणुकेंद्रांची ती जालकरचना आणि दागिन्यातील हिरा यांत नावापुरतेच साम्य आहे. २००५ मध्ये ब्रासार व फाँतेन यांनी हीच सामग्री वापरून गोठलेला भाग, गाभ्याच्या घटनेनुसार, ३२ ते ८२ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो असे दाखविले. हायड्रोजनचा थर थोडा जाड-पातळ धरला की स्फटिकाचा वाटाही बदलतो. अडचण पुन्हा तीच.

गाभा गोठतो याचा निःसंदिग्ध पुरावा अखेर निराळ्या वाटेने आला. गाया उपग्रहाने अचूक अंतरे मोजलेल्या हजारो श्वेतबटूंच्या आलेखात, सुप्त उष्णतेमुळे निवणे मंदावल्यास जिथे गर्दी दिसायला हवी तिथेच ती असल्याचे पिएर-इमॅन्युएल ट्रेंब्ले व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले. एका ताऱ्याच्या कंपनांनी जे निर्विवाद सांगता आले नाही ते समूहाच्या मोजणीने सांगितले. त्याच वर्षी काही जड श्वेतबटूंचे निवणे अपेक्षेपेक्षा अब्जावधी वर्षे लांबल्याचेही लक्षात आले. त्याअर्थी घड्याळाची दुरुस्ती अजून संपलेली नव्हती.

संथ घड्याळ

तारा निवतो तसतसा त्याचा आवर्तकाल अतिशय मंद गतीने वाढतो. हा बदल थेट मोजता आला तर निवण्याचा वेग प्रतिमानाच्या मध्यस्थीशिवाय हाती येतो. लघुसिंह समूहातील जी ११७-बी १५ए या ताऱ्याचे २१५ सेकंदांचे दोलन १९७४ पासून सातत्याने नोंदविले जात आहे. ब्राझीलचे केप्लर यांनी आपली कारकीर्द मुख्यत्वे या कामाला वाहिली. (पुढे उल्लेख येणाऱ्या केप्लर दूरदर्शीचे नाव सतराव्या शतकातील योहानेस केप्लर यांच्यावरून आहे, नामसाम्याने गोंधळ होऊ नये.) २००५ मध्ये त्यांनी दिलेल्या मूल्यानुसार हा आवर्तकाल एका सेकंदाने वाढण्यास सुमारे ८९ लाख वर्षे लागतील, तर २०२१ मधील सुधारित मूल्यानुसार सुमारे ६२ लाख वर्षे. हा वेग साध्या निवण्याच्या गणितापेक्षा जास्त आहे. ॲक्सिऑन या अद्याप न सापडलेल्या कणांच्या रूपाने ताऱ्याची उष्णता पळून जात असावी, अशी शक्यता स्पेनमधील अभ्यासकांनी १९९२ पासून मांडली आहे. मात्र अशा मोजणीत चुका सहज शिरतात, याचे उदाहरण पीजी ११५९ चेच आहे. त्याच्या ५१६ सेकंदांच्या दोलनाचा आवर्तकाल घटत असल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले होते; १९९९ मध्ये अधिक दीर्घ नोंदींवरून तो वाढत असल्याचे, आणि तेही दसपटीने अधिक वेगाने, आढळले.

अवकाशातून

२००४ मध्ये अंजुम मुकादम व सहकाऱ्यांनी स्लोन आकाश सर्वेक्षणाच्या आधारे एकाच निबंधात ३५ नवे हायड्रोजन-श्वेतबटू स्पंदक जाहीर केले आणि संख्येचा प्रश्न मागे पडला. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दूरदर्शीने अखंडतेचा प्रश्नही सोडविला; अवकाशात सकाळ होत नाही. २०१७ मध्ये जे. जे. हर्मीस व सहकाऱ्यांनी या दूरदर्शीने टिपलेल्या २७ श्वेतबटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण वस्तुमानाचे श्वेतबटू सरासरी ३५ तासांत एक फेरी घेतात असे त्यातून दिसले. तारा आक्रसताना त्याचा फिरण्याचा वेग वाढावा, त्या हिशेबाने हे फारच संथ आहे. फिरण्याचा हा आवेग आधीच्या राक्षसी अवस्थेत कोठे व कसा गळून जातो, याचे समाधानकारक उत्तर सिद्धांताजवळ नाही.

२०१८ मध्ये जुना वाद नव्या ताऱ्याच्या निमित्ताने पुन्हा जागा झाला. नोएमी जामिकेले व सहकाऱ्यांनी केप्लर दूरदर्शीने पाहिलेल्या केआयसी ०८६२६०२१ या हेलियम-श्वेतबटूच्या गाभ्यात ८६ टक्के ऑक्सिजन असल्याचे व त्याचा एकजिनसी मध्यभाग प्रचलित प्रतिमानांपेक्षा ४० टक्के मोठा असल्याचे मांडले. जीडी ३५८ च्या ८४ टक्क्यांशी हा आकडा आश्चर्यकारकरीत्या जुळतो. मात्र इतक्या उष्ण ताऱ्यात न्यूट्रिनोंमुळे होणारी ऊर्जाहानी लक्षात घेतली नाही तर वारंवारता बदलतात, हे फ्रँक टिम्स व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी निदर्शनास आणले.

२०२२ मध्ये पीजी ११५९-०३५ कडे अभ्यासक पुन्हा वळले. या वेळी सामग्री होती केप्लर दूरदर्शीच्या ६९ दिवसांच्या व टेस उपग्रहाच्या २५ दिवसांच्या निरीक्षणांची. ब्राझीलमधील गाब्रिएला ऑलिव्हेरा दा रोसा व सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणात तिहेरी गुच्छांचे अंतर २१.२८ सेकंद आले, परिभ्रमणकाल १.४ दिवस आला. दूरध्वनी आणि प्रकाशगुणक नलिका यांच्या जोरावर १९८९ मध्ये जे हाती लागले होते ते टिकले. वस्तुमान मात्र ०.५६५, अधिक-उणे ०.०२४, असे देण्यात आले. सामग्री कैक पटींनी वाढली असताना अनिश्चितता आठपट झाली. १९९१ चा तो लहान आकडा आवर्तकालांच्या अंतरातील सूक्ष्मतेचा होता. नव्या आकड्यात प्रतिमान स्वतः किती चुकू शकते याचाही हिशेब धरलेला आहे.